फायटर माशाला सोबती निवडताना

फायटर मासा टाकीत एकटा असला म्हणून कंटाळत नाही, ही गोष्ट सोबत्यांचा विचार सुरू करण्याआधी मी मनाशी पक्की केली होती. निसर्गात या जातीचा नर आपल्यापुरता पाण्याचा एक तुकडा राखतो, त्यात दुसरा नर आला तर कल्ले फुलवून त्याच्या अंगावर जातो आणि अंडी घालून झाल्यावर मादीलाही तिथून हाकलून लावतो. त्यामुळे सोबतीची हौस माशाची नसून आपली असते, आणि आपल्या हौसेपोटी आणलेल्या प्रत्येक जिवाला त्या टाकीत निवांत जगता आले पाहिजे, ही जबाबदारीही आपलीच ठरते. टाकीचा तळ आणि मागची दाट झाडी दिवसभर रिकामी दिसे, खाली पडलेले दाणे कुजत, आणि त्या भागात काही वावर असावा असे मला वाटे. या एवढ्याशा इच्छेपासून सुरुवात झाली खरी, पण निवड पूर्ण व्हायला बरेच महिने लागले. ते सगळे महिने सार्थकी लागले असे मला आज वाटते.

माझी टाकी 45 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच आहे. गुणाकार केला तर साधारण 40 लिटर भरतात. पण तळाची वाळू, लाकडाचा ओंडका, दगड आणि झाकणाखाली सोडलेली मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी 32 ते 33 लिटरच उरते. माशांची संख्या ठरवताना हाच आकडा धरायचा असतो. फायटर निळा हाफमून नर होता. हाफमूनची शेपटी पूर्ण फुलली की अर्धवर्तुळ होते. दिसायला ती देखणी असली तरी एवढे लांब पर ओढत पोहताना मासा लवकर दमतो. आखूड परांचा प्लाकाट फायटर कितीतरी चपळ असतो आणि पाठलाग सुरू केला की सोडत नाही. म्हणून ‘फायटरबरोबर काय चालते’ असा मोघम प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कोणता फायटर, त्याचा स्वभाव कसा, टाकी किती लांब आणि पाणी कोणते, हे सांगितल्याशिवाय कोणालाही त्याचे प्रामाणिक उत्तर देता येणार नाही.

स्वभाव पारखायला मी बराच वेळ दिला. काचेला बाहेरून आरसा लावला की बहुतेक नर लगेच कल्ले फुलवतात, तसे यानेही फुलवले. मला पाहायचे होते ते आरसा काढल्यानंतरचे वागणे. काही फायटर नंतर तासभर काचेशी येरझारा घालतात, स्वतःच्या सावलीवर धावतात, प्रसंगी स्वतःचीच शेपटी चावतात. हा मात्र एक फेरी मारून पानाखाली जाऊन बसला. पाण्यात बुडवलेल्या चिमट्याकडे तो कुतूहलाने येई, हुंगल्यासारखे करी आणि निघून जाई. असा मासा सोबत्यांना सांभाळून घेण्याची शक्यता जास्त असते, पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे, म्हणून दुसरी सोय तयार झाल्याशिवाय काहीही आणायचे नाही असे मी ठरवले. झाकण असलेला वीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, त्यात स्पंज फिल्टर आणि छोटा हीटर, एवढी ती सोय होती. टबाचा स्पंज मी आधी मोठ्या टाकीतच चालवत ठेवला, म्हणजे अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू त्यात वस्तीला यावेत. कोऱ्या टाकीत ही वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे सहज जातात, आणि भांडण झाले त्या दिवशी आपल्या हातात तेवढा वेळ नसतो.

त्यानंतर पाणी. पुण्यात आमच्याकडे येणारे धरणाचे पाणी मृदू आहे. फायटर मूळचा थायलंडमधल्या भातखाचरांतला, उथळ, झाडोऱ्याने भरलेल्या संथ पाण्यातला. त्याला हे पाणी मानवते. (थायलंडने 2019 साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.) अडचण उन्हाळ्यात येते. सोसायटीत टँकर सुरू झाले किंवा बोअरचे पाणी मिसळले की तेच पाणी एकदम जड होते, आंघोळीच्या साबणाला फेस येईनासा होतो आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो. माणसाला हा बदल चालून जातो. लहान कोळंब्यांना आणि नाजूक माशांना तो एका दिवसात झाला तर सोसत नाही. म्हणून मी पाण्याची कठीणता आणि पीएच मोजण्याचे किट आणले आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलण्याआधी बादलीतले पाणी तपासण्याची सवय लावून घेतली. फरक जास्त दिसला तर त्या आठवड्यात थोडे थोडे करून दोन-तीन वेळा बदलायचे. क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे कोणत्याही माशांच्या दुकानात मिळतात, त्यांचे द्रावण मी वापरते.

यानंतर खरी निवड सुरू झाली, आणि तिचा बराचसा भाग नकार देण्यात गेला. दुकानात पहिला सल्ला मिळाला तो गप्पीचा. “ताई, फायटरबरोबर गप्पी बिनधास्त टाका, पोटभर खायला दिलंत की तो काही करत नाही,” असे दुकानदार म्हणाले. गप्पी मासा आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभागाचे लोक तो पाण्याच्या साठ्यांत सोडतात. पण दुकानातल्या नर गप्पीची रंगीत, फडफडणारी शेपटी फायटरला दुसऱ्या नराच्या शेपटीसारखी वाटू शकते. भूक आणि हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे पोट भरलेला फायटरही हद्दीसाठी भांडतोच. शिवाय गप्पीला आणि मॉलीला थोडे जड पाणी लागते, आणि नर-मादी एकत्र आल्यास महिन्या-दीड महिन्यात पिल्लांनी टाकी भरते. हे सर्व मी दुकानदारांना सांगितले तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतले आणि नंतर मला पिग्मी कोरी नावाचे छोटे मासे मिळवून द्यायला त्यांनीच मदत केली.

इतर नावे झटपट बाद झाली. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा परांचे लचके तोडतात, आणि हाफमूनसारखी झूल त्यांच्यासमोर नेणे क्रूरपणाचे आहे. गोल्डफिशला थंड पाणी लागते, त्याची घाण फार आणि वाढ मोठी. गुरामी हे फायटरचेच भाऊबंद, तेही पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, तेही हद्द राखतात. एवढ्या टाकीत दोघांची हद्द एकच होते. फायटरची मादी ठेवावी असेही कोणी सुचवले, पण विणीचे चार दिवस सोडले तर ती नराबरोबर ठेवायचीच नसते. आणि शेवाळ खाणारा म्हणून बोटाएवढा सकर मासा सर्रास विकला जातो, त्याबद्दल मला थोडे कळकळीने सांगावेसे वाटते. तो फूट-दीड फूट वाढतो, टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत किंवा तलावात सोडून देतात, आणि मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज भारतातल्या अनेक जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यांची आणि स्थानिक माशांची वाट लावतो आहे. टाकीतला कोणताही जीव बाहेरच्या पाण्यात सोडू नये. दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

नकार देणे सर्वांत कठीण गेले ते एम्बर टेट्राला. ब्राझीलचा हा जेमतेम दोन सेंटिमीटरचा केशरी मासा मृदू पाण्यात सुखी असतो, त्याला चालणारे तापमान फायटरच्या तापमानाशी जुळते आणि पर तोडण्याची त्याला खोड नाही. साठ सेंटिमीटर लांबीची टाकी असती तर मी आठ-दहा एम्बर आनंदाने आणले असते. पण हा थव्याने, पाण्याच्या मधल्या आणि वरच्या थरात, म्हणजे फायटरच्या अगदी नाकासमोर हिंडणारा मासा आहे. पंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये थव्याला वळायलासुद्धा फायटरच्या अंगावरून जावे लागते. तो चावला नसता कदाचित. तरी सतत समोरून जाणारी हालचाल त्याला आणि सतत मागे असलेली नजर त्यांना, दोघांनाही बेजार करते. मी थर वाटून घेण्याच्या विचाराशी ठाम राहिले. वरचा थर फायटरचा, बाकीच्यांनी तळ आणि झाडी घ्यावी.

पहिली आली ती नेराइट गोगलगाय. मिस्ट्री गोगलगाय दुकानात सहज मिळते आणि दिसतेही छान, पण तिच्या लांब मिशा फायटरला अळीसारख्या वाटतात आणि तो त्या तोडतो. नेराइटच्या मिशा आखूड, शंख वाटोळा आणि जड, आणि ती काचेला अशी घट्ट धरते की माशाच्या धक्क्याने हलत नाही. फायटरने पहिल्या दिवशी तिच्याभोवती फिरून शंखावर दोनदा तोंड मारले, मग तिचा नाद सोडला. तिची पांढरी, तिळाएवढी अंडी लाकडावर चिकटलेली दिसतात; गोड्या पाण्यात ती फुटत नाहीत, त्यामुळे संख्या वाढण्याची भीती नाही. मृदू पाण्यात तिच्या शंखाला मात्र कॅल्शियम कमी पडते. शंखाचा जुना भाग पांढुरका होऊन झिजायला लागतो. यावर उपाय आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात मिळाला. समुद्रफेन, म्हणजे माकुळाच्या अंगातले ते हलके पांढरे कवच, तिथे अखंड मिळते. त्याचा अंगठ्याएवढा तुकडा धुऊन, उकळून मी फिल्टरजवळ ठेवला. तो हळूहळू विरघळतो आणि पाणी एकदम जड न करता गोगलगाईची गरज भागवतो.

दुसरा टप्पा चेरी कोळंबीचा होता, आणि इथे मनाची तयारी करूनच पुढे गेले. कोळंबी हे फायटरचे नैसर्गिक खाद्य आहे. तिची पिल्ले जन्मतात तेव्हा दोन मिलिमीटरची असतात आणि दिसली की तो ती टिपणारच. मोठ्या, पूर्ण वाढलेल्या कोळंब्या टिकतील अशी व्यवस्था करता येते, तीही झाडोरा खरोखर दाट असेल तरच. मी आधी जावा मॉस ही शेवाळासारखी पाणवनस्पती लाकडावर बांधून तिचे गच्च जाळे होईपर्यंत थांबले आणि आमच्या रस्त्यावरच्या देशी बदामाची गळलेली, पूर्ण वाळलेली पाने धुऊन तळाशी पसरली. ही पाने पाण्याला चहासारखा फिकट रंग देतात, फायटरला ते पाणी रुचते, आणि पानांवर धरणारा सूक्ष्म जिवांचा बुळबुळीत थर कोळंब्या दिवसभर खरवडत बसतात. झाड फवारणी झालेले नसावे आणि पान हिरवे नसावे, एवढे पथ्य.

कोळंबी कात टाकते तो प्रसंग मला जवळून पाहायला मिळाला. मॉसमधली एक कोळंबी बराच वेळ निश्चल होती, मग तिच्या मानेमागे फट पडली आणि एका झटक्यात ती मागे उसळून कवचातून बाहेर आली; समोर मिशांसकट, पायांसकट पारदर्शक कोळंबी तशीच उभी, आणि खरी कोळंबी मऊ अंगाने पानाखाली घुसलेली. त्या काही तासांत तिला स्वतःचा बचाव करता येत नाही. फायटर आला, त्याने रिकाम्या कवचाला तोंड लावले, थुंकले, आणि पुढे गेला. पानाखालची जागा नसती तर त्याचे तोंड कुठे लागले असते हे उघड होते. मोठ्या कोळंब्यांपैकी काही पहिल्या महिन्यात दिसेनाशा झाल्या, बाकीच्या राहिल्या आणि मॉसच्या आत त्यांची पिल्लेही अधूनमधून दिसतात. हा तोटा ज्याला मान्य नसेल त्याने कोळंबी फायटरबरोबर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी पिग्मी कोरी. ब्राझीलच्या मदेइरा नदीच्या खोऱ्यातला हा अडीच-तीन सेंटिमीटरचा मिशीवाला मासा आहे. त्याचे मोठे भाऊबंद, म्हणजे दुकानात नेहमी दिसणारे ब्राँझ कोरी, या टाकीला जड झाले असते. कोरी एकटा ठेवला तर भेदरून राहतो, म्हणून निदान सहा हवेत. त्याच्या नाजूक मिशांसाठी तळाला धारदार खडी चालत नाही, आणि म्हणूनच मी टाकी मांडतानाच बारीक वाळू घातली होती. दुकानातून आणलेले कोरी थेट टाकीत न सोडता मी टबात चार आठवडे ठेवले. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नव्या माशांबरोबर येतो, आणि आमच्या टाकीत त्याचे औषध करणे अवघड होते. तांबे असलेली औषधे गोगलगाय आणि कोळंबीला मारतात, मीठ कोरींना सोसत नाही. सोबती जितके वेगवेगळ्या जातींचे, तितकी टाकीत औषध करण्याची मोकळीक कमी होते. हा मुद्दा निवड करताना फारसा कोणी लक्षात घेत नाही, पण माझ्या दृष्टीने तो रंग आणि आकारापेक्षा महत्त्वाचा आहे.

कोरी सोडण्याच्या संध्याकाळी मी फायटरला तरंगत्या जाळीच्या डब्यात घेतले, ओंडका वळवला, दोन झाडांच्या जागा बदलल्या आणि दिवा बंद करून कोरींना सोडले. ओळखीची मांडणी बदलली की फायटरला आपली हद्द नव्याने आखावी लागते, आणि तेवढ्या अवधीत नवे आलेले लपण्याच्या जागा शोधून घेतात. सकाळी त्याला मोकळे केले तेव्हा तो थेट तळाशी गेला. कोरी ओंडक्याखाली एकमेकांना चिकटून होते. त्याने कल्ले फुलवले, ते एकदम उधळले, तो थोडे अंतर मागे गेला आणि थांबला. मी खुर्ची टाकून बसले होते. एकदा कल्ले फुलवणे, थोडा पाठलाग, मग दुर्लक्ष, हे चालते. एकाच माशाचा पुन्हा पुन्हा पाठलाग, फाटलेला पर, न खाणारा किंवा कोपऱ्यात उभा राहून जोराने श्वास घेणारा मासा, यांपैकी काहीही दिसले असते तर त्याच दिवशी फायटर टबात गेला असता. तशी वेळ आली नाही, पण पुढचे काही आठवडे मी पाहणे सोडले नाही.

एक गोष्ट मात्र आधी पुरती ध्यानात येत नाही. फायटरला कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचे इंद्रिय असते आणि तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. कोरीसुद्धा अधूनमधून झपकन वर येऊन हवेचा घोट गिळतो आणि ती आतड्यांतून वापरतो. म्हणजे तळातला शेजारीही दिवसातून अनेकदा वरच्या मजल्यावर येतोच. एरवी याने बिघडत नाही. फायटरने तरंगत्या पानांखाली बुडबुड्यांचे घरटे बांधले की चित्र बदलते. त्या काळात तो घरट्याच्या आसपास येणाऱ्या प्रत्येकावर धावतो. मी पाहिले की घरटे नेहमी फिल्टरपासून दूरच्या, संथ कोपऱ्यात होते. म्हणून साल्व्हिनिया या तरंगत्या वनस्पतीचा थर मी नळीच्या रिंगणाने त्याच कोपऱ्यात अडवला आणि बाकीचा पृष्ठभाग मोकळा ठेवला. घरटे तिथेच राहते, कोरी दुसऱ्या बाजूने वर येतात, आणि धावाधाव निम्म्याहून कमी झाली.

खाण्याच्या वेळा वाटून घेणेही तितकेच आवश्यक ठरले. फायटरचे तोंड वर वळलेले असते, तो पृष्ठभागावरचे दाणे टिपतो. पण कोरींसाठी टाकलेली बुडणारी गोळी दिसली तर तीही खातो आणि पोट फुगेपर्यंत खातो. आता फायटरचे मोजके दाणे सकाळी एका कोपऱ्यात पडतात आणि कोरींची गोळी रात्री दिवा बंद झाल्यावर, बारीक चुरून, ओंडक्याच्या मागे. सकाळी उरलेली दिसली तर दुसऱ्या रात्री कमी टाकायची.

तापमानाचा मेळ हिवाळ्यात सोपा आणि उन्हाळ्यात अवघड. पुण्यात जानेवारीत रात्री पारा बराच उतरतो, तेव्हा हीटर पाणी 25 अंशांवर धरतो, आणि ते फायटर आणि कोरी या दोघांनाही मानवते. एप्रिल-मेमध्ये घरातले पाणी 30 अंशांवर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. फायटर हवेवर निभावून नेतो, कोरींची मात्र दमछाक होते. काचेच्या झाकणाऐवजी बारीक जाळीचे झाकण लावून पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. झाकण काढून टाकणे हा पर्याय नाही, कारण फायटर उडी मारतो. पाणी वेगाने आटते आणि क्षार मागे राहतात, म्हणून आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करते. पाव टाकी बदलताना मात्र नेहमीचे तपासलेले पाणीच घालते.

टाकीत आता आणखी काही घालायचे नाही. नायट्रेट 20 पीपीएमच्या खाली राहते, अमोनिया आणि नायट्राइट शून्य दाखवतात, आणि एवढ्या पाण्यात एवढाच भार पेलतो. शेजारच्या काकूंनी नातवासाठी बारा लिटरच्या टाकीत फायटर आणला आणि त्याला मित्र हवेत म्हणून मला विचारायला आल्या, तेव्हा मी त्यांना मासे सुचवले नाहीत. एक नेराइट, मॉसचा एक गोळा, बदामाचे एक पान आणि छोटा स्पंज फिल्टर, एवढे आम्ही दोघींनी मिळून त्या टाकीत मांडले. नातवाला गोगलगाय काचेवरून चढताना दिसते आणि तो तिचे रोजचे ठिकाण वहीत लिहून ठेवतो. मोठी टाकी घ्यायची ठरली तर साठ सेंटिमीटरची घ्या, आणि एम्बर टेट्राचा विचार तेव्हा करू, असे मी काकूंना सांगून ठेवले आहे.